टीसीलॅब हीटर-बोर्ड: मेकॅनिकलच्या कंट्रोल सिस्टिमसाठी विकत घ्यावा की घरीच जोडावा?

मेकॅनिकलच्या मुलांचा कंट्रोल सिस्टिमचा पेपर निघतो, विषय मात्र राहतो. राउथची सारणी (सिस्टिम स्थिर राहते का ते तपासायची रीत) मांडता येते, रूट लोकसचे असिम्प्टोट काढता येतात, अख्खा ब्लॉक डायग्राम दहा ओळींत आटोपता येतो. पण समोर खरंच काहीतरी तापत किंवा फिरत असेल, तर त्याचं ट्रान्सफर फंक्शन (काय दिलं की काय मिळतं याचं सूत्र) आणायचं कुठून, असं विचारलं की वर्ग गप्प. टीसीलॅब हा तळहाताएवढा बोर्ड नेमक्या त्या जागी उपयोगी पडतो. बाकी पुष्कळ जागी पडत नाही, आणि ते आधी माहीत नसेल तर दोन दिवसांत तो कपाटात जातो.

टीसीलॅब म्हणजे टेम्परेचर कंट्रोल लॅब. अमेरिकेतल्या यूटा राज्यात ब्रिगहॅम यंग विद्यापीठात तयार झालेला. खाली अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), वर एक छोटी पाटी. पाटीवर दोन टीआयपी३१सी ट्रान्झिस्टर आणि प्रत्येकाला चिकटवलेला एकेक टीएमपी३६ सेन्सर. ट्रान्झिस्टर इथे हीटरचं काम करतो. यूएसबीची तार लॅपटॉपला आणि हीटरसाठी ५ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर. पायथन किंवा मॅटलॅबमधून हीटरला ० ते १००% हुकूम द्यायचा, तापमान वाचायचं. एवढंच. पंखा नाही, स्क्रीन नाही, बटण नाही.

पहिला प्रयोग स्टेप टेस्टचा, आणि खरं तर अर्धी किंमत तिथेच वसूल होते. हीटर बंद ठेवून दहा मिनिटं थांबा. पाच मिनिटं पुरतात असं वाटतं, पण आधीच्या प्रयोगाची ऊब उरलेली असते आणि तीच पुढचे सगळे आकडे बिघडवते. मग हीटर एकदम ५०% करा आणि दर सेकंदाला तापमान नोंदवत पंधरा मिनिटं हात लावू नका. आलेख वर चढतो, पण लगेच नाही. सुरुवातीचे दहा-पंधरा सेकंद काहीच घडत नाही. तोच डेड टाइम. पुस्तकात तो ‘ट्रान्सपोर्ट लॅग’ म्हणून दोन ओळींत उरकतात आणि पुढच्या सगळ्या गणितांतून गाळून टाकतात.

आलेखावरून मॉडेल काढायला स्पर्शरेषा काढू नका. प्रत्येकाची पट्टी वेगळी पडते. दोन बिंदूंची रीत बरी. एकूण तापमानवाढीच्या २८.३% आणि ६३.२% वाढ किती सेकंदांनी झाली ते पाहा. दोन वेळांच्या फरकाची दीडपट म्हणजे टाइम कॉन्स्टंट टाऊ, आलेख किती सावकाश चढतो त्याचं माप. ६३.२% च्या वेळेतून टाऊ वजा केला की उरतो तो डेड टाइम. या बोर्डाचे नेहमी दिले जाणारे आकडे असे: गेन (अखेरची तापमानवाढ) हीटरच्या दर टक्क्याला ०.९ अंश, टाऊ १७५ सेकंद, डेड टाइम १५ सेकंद. म्हणजे ५०% वर ४५ अंश वाढ, त्यातले पहिले १२.७ अंश साधारण ७३ व्या सेकंदाला आणि २८.४ अंश १९० व्या सेकंदाला. तुमचे आकडे दहा-पंधरा टक्क्यांनी वेगळे आले तर काळजी नको. तंतोतंत हेच आले, तर जर्नल कुठून उतरवलं ते सर विचारतील.

मेकॅनिकलवाल्यांसाठी याहून गोड भाग पुढे आहे. हीट ट्रान्सफर शिकलेलं असतं. ट्रान्झिस्टर आणि त्याच्या पत्र्याचं वजन ४ ग्रॅम धरा, विशिष्ट उष्णता ५०० ज्यूल प्रति किलो प्रति अंश. म्हणजे एक अंश तापवायला २ ज्यूल. हीटरचा एक टक्का म्हणजे ०.०१ वॉट. भागाकार केला की एका टक्क्यामागे सेकंदाला ०.००५ अंश चढण. आता स्टेप टेस्टमधून आलेला गेन टाऊने भागा: ०.९ भागिले १७५, म्हणजे ०.००५१. एक आकडा वजनावरून आला, दुसरा आलेखावरून, आणि दोन्ही जुळले. ट्रान्सफर फंक्शन हे लाप्लासच्या तक्त्यातून नाही, वस्तूतून निघतं, हे सांगायला यापेक्षा सोपा रस्ता नाही.

आता आपल्याकडच्या हवेचं. या बोर्डाची उदाहरणं गार खोली धरून लिहिलेली आहेत. विदर्भात नवतप्यात खोलीतच ४२ अंश असतात. उदाहरणांत सर्रास दिलेला ४० अंशांचा सेटपॉइंट (हवं असलेलं तापमान) तेव्हा गाठताच येत नाही, कारण बोर्ड तापवू शकतो, थंड करू शकत नाही. कंट्रोलर (तापमान पाहून हीटरला हुकूम देणारा प्रोग्राम) शून्यावर चिकटून बसतो आणि मुलांना वाटतं प्रोग्राम चुकला. ४२ च्या खोलीत ५०% हीटर म्हणजे ८७ अंश, बोटाला चटका बसेल इतकं. उन्हाळ्यात सेटपॉइंट ५५ ते ७० च्या दरम्यान ठेवा आणि हीटरची वरची मर्यादा प्रोग्राममध्येच ६०% करा. डिसेंबरच्या पहाटे खोलीत १२ अंश असताना तोच ५५ चा सेटपॉइंट गाठायला मात्र हीटरला मे महिन्याच्या सव्वातीनपटीहून थोडा जास्त जोर लावावा लागतो. म्हणून मॉडेल नेहमी खोलीच्या तापमानापासूनच्या फरकावर मांडायचं, थेट अंशांवर नाही. डेव्हिएशन व्हेरिएबल हा शब्द पाठ करणारे पुष्कळ, त्याची गरज कळणारे थोडे. त्यातून हीटर जितका जास्त तापतो तितकी प्रारणाने (रेडिएशनने) उष्णता जास्त जाते, म्हणून वरच्या टोकाला गेन थोडा कमी भरतो. ३०% ते ४०% ची स्टेप आणि ५०% ते ६०% ची स्टेप वेगवेगळी घेऊन पाहा.

कूलर हा फुकटात मिळालेला डिस्टर्बन्स, म्हणजे बाहेरून येणारा अडथळा, आहे. स्टेप टेस्ट चालू असताना कूलर अजिबात सुरू नको. तो आधी बंद करा, पंखासुद्धा, आणि बोर्डावर बुटाचा रिकामा खोका पालथा घाला. पण एकदा कंट्रोलर बसवला, की मुद्दाम कूलर लावा. वारा लागला की हवेकडे जाणारी उष्णता वाढते. समजा ती दीडपट झाली, तर गेन ०.९ चा ०.६ होतो आणि टाऊ १७५ चा ११७. दोन्ही सारख्याच प्रमाणात घटले, म्हणजे सुरुवातीची चढण तीच, मुक्कामाचं ठिकाण बदललं. बंद लूपच्या (तापमान पाहून हुकूम बदलत राहणाऱ्या साखळीच्या) स्थैर्याचा बहुतेक भार त्या चढणीवर असतो, म्हणून कूलर लावला तरी लूप बिघडत नाही. तापमान खाली दबतं आणि इंटिग्रल (साचत गेलेल्या चुकीवर चालणारा भाग) ते हळूहळू वर आणतो. चूक म्हणजे सेटपॉइंट आणि तापमान यांतला फरक. निव्वळ प्रोपोर्शनल, म्हणजे फक्त आत्ताच्या चुकीच्या प्रमाणात हुकूम देणारा, कंट्रोलर असेल तर ते दबलेलंच राहतं. ऑफसेट (कायम उरणारी चूक) शिकवायला हे दहा मिनिटांत होतं.

ट्यूनिंगमध्ये (कंट्रोलरचे आकडे ठरवताना) मुलं झीगलर-निकल्सपासून सुरुवात करतात, कारण तेच सिलॅबसमध्ये असतं. १९४२ ची ती पद्धत या बोर्डाला लावली तर पीआयसाठी (प्रोपोर्शनल अधिक इंटिग्रल) गेन येतो ११.७ टक्के प्रति अंश आणि इंटिग्रल टाइम ५० सेकंद. दहा अंशांची चूक असली की कंट्रोलर ११७% मागतो. हीटर शंभरावर आपटतो, तापमान सेटपॉइंट ओलांडतं, मग शून्यावर आपटतो. आयएमसीची (इंटर्नल मॉडेल कंट्रोल) रीत इथे जास्त शहाणी. इंटिग्रल टाइम टाऊएवढा, म्हणजे १७५, ठेवा. गेनसाठी टाऊला, हव्या असलेल्या बंद लूपच्या टाइम कॉन्स्टंट आणि डेड टाइम यांच्या बेरजेने भागा. मग प्रोसेसच्या गेनने भागा. घाई असेल तर बंद लूपचा टाइम कॉन्स्टंट १७.५ घ्या, कंट्रोलरचा गेन ६ येतो. निवांत चालत असेल तर १७५ घ्या, गेन १ च्या आसपास येतो. दोन्ही चालवून आलेख एकावर एक ठेवा.

इथेच राउथच्या सारणीची मर्यादाही उघडी पडते. डेड टाइम सोडून दिला तर फर्स्ट ऑर्डर प्लँटला (ज्यावर ताबा ठेवायचा ती वस्तू) कितीही गेन द्या, लूप अस्थिर होतच नाही. सारणी तसंच सांगते. डेड टाइम धरला तर कागदावर २१ टक्के प्रति अंश या गेनला लूप डोलायला लागतो, सुमारे ५८ सेकंदांच्या दोलनाने. बोर्डवर हे करून पाहा. दोलन वाढत जाऊन फुटत नाही, एका उंचीवर थांबतं, कारण हीटर ० आणि १०० च्या पलीकडे जाऊच शकत नाही. मशीनच्या डायनॅमिक्समध्ये गव्हर्नरचं हंटिंग (वेग सतत वर-खाली होत राहणं) शिकलेलं असतं, ते हेच.

इंटिग्रल वाइंडअप समजावायला तर आपल्या भागात वेगळं काही करावंच लागत नाही. प्रयोग चालू असताना लाइन जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, अर्डुइनो यूएसबीवर जिवंत राहतो, फक्त हीटरचा अडॅप्टर मेलेला. तापमान घसरतं, चूक वाढते, इंटिग्रल साचत जातं. वीस मिनिटांनी लाइन आली की हीटर शंभरावर अडकतो आणि सेटपॉइंट गाठल्यावरही कितीतरी वेळ खाली यायला तयार नसतो. उपाय एका ओळीचा: हुकूम ० किंवा १०० ला टेकला असेल आणि चूक त्याच दिशेला ढकलत असेल, तर त्या फेरीत इंटिग्रलची बेरीज करायची नाही. १०० ऐवजी ६०% मर्यादा घातली असेल तर तीच मर्यादा इथेही घाला. बहुतेक जण हुकुमाला ६० ला कापतात आणि इंटिग्रलला १०० पर्यंत मोकळं सोडतात.

डेरिव्हेटिव्हची (चूक किती वेगाने बदलते त्यावर चालणाऱ्या भागाची) गंमत वेगळी. अर्डुइनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) दहा बिटांचा, १,०२४ पायऱ्यांचा. संदर्भ व्होल्टेज ५ असेल तर एक पायरी म्हणजे जवळजवळ अर्धा अंश, ३.३ असेल तर एक तृतीयांश. तापमान चढताना हळू सरकत नाही, पायऱ्यांनी उडतं. गेन ६ आणि डेरिव्हेटिव्ह टाइम ५ सेकंद ठेवला तर अर्ध्या अंशाच्या एका उडीने हीटरला एका सेकंदापुरता १५% चा धक्का बसतो. दहा-वीस वाचनांची सरासरी घ्या, तरी या प्लँटला डेरिव्हेटिव्हची फारशी गरज नाही. पीआय पुरे.

बोर्ड चालत नाही अशी ओरड होते तेव्हा निम्म्या वेळा दोष तारेत असतो. मोबाइल चार्जरसोबत येणाऱ्या काही तारांतून फक्त वीज जाते, डेटा जात नाही. अर्डुइनोच्या स्वस्त नकलांत सीएच३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर जुन्या विंडोजवर वेगळा टाकावा लागतो. तो, पायथनचं पॅकेज आणि अर्डुइनोचं सॉफ्टवेअर असं सगळं तालुक्याला रेंज चांगली असते तिथे एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. त्यानंतर नेट लागत नाही, आणि गावात बसून शिकणाऱ्यासाठी या बोर्डाची हीच मोठी बाजू. आणखी एक: अर्डुइनो उनोचं पोर्ट उघडलं की तो आधी रीसेट होतो. प्रोग्रामने दोन सेकंद थांबायला हवं, नाहीतर पहिली काही वाचनं कचरा येतात.

आता किमतीचा मुद्दा. बोर्ड परदेशातून मागवायचा तर वाहतूक आणि कस्टम ड्यूटी मिळून विद्यार्थ्याच्या खिशाला तो जड जातो, विभागाने एक-दोन घेतले तर ठीक. पण तोच धडा नागपुरात सीताबर्डीला मिळणाऱ्या सुट्या भागांतून जोडता येतो. लागतं ते असं: अर्डुइनो उनोची नक्कल, १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर, ४७ ओहमचा १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर, एक मोसफेट (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), एलएम३५ सेन्सर आणि ५० बाय ५० मिलिमीटरचा ३ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा तुकडा. तुकडा खिडक्यांचं काम करणाऱ्याकडे उरलासुरला मिळतो.

मोसफेट घेताना दुकानदार आयआरएफ५४० पुढे करतो. तो पूर्ण उघडायला गेटवर (हुकूम घेणाऱ्या पायावर) १० व्होल्ट लागतात. अर्डुइनोच्या ५ व्होल्टवर त्याचा भरवसा नाही, अर्धवट उघडला तर स्वतःच तापतो. आयआरएलझेड४४एन मागा, मधला ‘एल’ महत्त्वाचा. गेटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका, नाहीतर अर्डुइनो रीसेट होताना गेट लोंबकळत राहतं आणि हीटर आपोआप चालू होतो. अडॅप्टरचं आणि अर्डुइनोचं ग्राउंड जोडलेलं हवं. एलएम३५ चा सपाट चेहरा तुमच्याकडे धरला तर डावीकडे वीज, मध्ये सिग्नल, उजवीकडे ग्राउंड. उलटा लावला की तो चटकन तापतो आणि बहुधा मरतो. दोन घ्या.

या जोडणीचं गणितही वहीत होतं. १२ चा वर्ग भागिले ४७, म्हणजे ३ वॉट. तुकड्याचं वजन सुमारे २० ग्रॅम, एक अंशाला १८ ज्यूल. दोन्ही बाजू आणि कडा धरून क्षेत्रफळ ५६ चौरस सेंटिमीटर. शांत हवेत, प्रारण धरून, उष्णता-संक्रमणाचा गुणांक १० घेतला तर पूर्ण जोरावर ५४ अंश वाढ आणि टाऊ ३२५ सेकंद. रेझिस्टरच्या सिमेंटचं वजन यात धरलेलं नाही, म्हणून प्रत्यक्षात सात-आठ मिनिटं भरतात. एक स्टेप टेस्ट पुरी व्हायला अर्धा तासही कमी पडतो. टीसीलॅब पंधरा मिनिटांत होतो, आणि दोन तासांच्या प्रॅक्टिकलला हा फरक मोठा आहे.

घरगुती जोडणीतली खरी गोची चिकटवण्यात असते. रेझिस्टर आणि पत्रा यांच्यामध्ये कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावतात ती थर्मल पेस्ट, आणि वरून बारीक तारेने घट्ट बांधणी. नुसती टेप लावली तर ती तापून सुटते आणि डेड टाइम प्रयोगागणिक बदलतो. सेन्सरचं तर आणखी नाजूक: प्लॅस्टिकच्या एलएम३५ पर्यंत उष्णता मुख्यतः त्याच्या पायांतून जाते. पाय उघड्या वाऱ्यात असतील तर पत्रा ७० अंश असताना तो कमी दाखवतो. पायांवर स्लीव्ह चढवा, चेहरा पेस्टने पत्र्याला टेकवा, छोट्या चिमट्याने दाबून ठेवा. हीटर अर्डुइनोच्याच ५ व्होल्टवर कधीच चालवू नका. समजा यूएसबीचे ५ व्होल्ट ४.७ वर घसरले, तर सेन्सर खरं सांगत असूनही एडीसी ६ टक्के जास्त वाचतो. ६० अंश असताना ६४ दिसतात, तेही हीटर चालू झाल्याक्षणी. आलेखावर डेड टाइम गायब झालेला दिसला तर आधी हेच तपासा. एलएम३५ साठी अर्डुइनोचा आतला १.१ व्होल्टचा संदर्भ निवडला तर हा त्रास मिटतो आणि पायरीही अर्ध्या अंशावरून एक दशांश अंशाला येते. बोर्ड घरी जोडण्याचा हा फायदा मला विकतच्यापेक्षा सरस वाटतो.

टीसीलॅबकडे एक गोष्ट आहे जी एका पत्र्यात मिळत नाही: दोन हीटर शेजारी-शेजारी. पहिला तापवला की दुसऱ्याचंही तापमान चढतं. मल्टिव्हेरिएबल कंट्रोल पदवीच्या पेपरात येत नाही, पण प्रोजेक्टसाठी उत्तम. घरी हवं असेल तर दोन पत्रे ५ मिलिमीटरवर बांधा.

काय शिकायला मिळत नाही, तेही स्पष्ट असलेलं बरं. उष्णतेच्या प्लँटचे पोल (ट्रान्सफर फंक्शनच्या छेदाची मुळं) वास्तव (रिअल) अक्षावर असतात. सेकंड ऑर्डरचं अंडरडॅम्प्ड उत्तर, डॅम्पिंग रेशो ०.५ ला १६.३% ओव्हरशूट, डोलत-डोलत स्थिरावणं, हे उघड्या लूपमध्ये इथे कधीच दिसणार नाही. त्यासाठी एन्कोडर असलेली छोटी गिअर मोटर घ्या आणि पोझिशन कंट्रोल करा. बोड प्लॉट (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना मिळणाऱ्या प्रतिसादाचा आलेख) प्रयोगातून काढायचा असेल तर दुसरा बोर्ड शोधा. कोपऱ्याच्या फ्रिक्वेन्सीला एक आवर्तन १८ मिनिटांचं. स्थिर होईपर्यंत तीन आवर्तनं थांबलात तर आलेखावरच्या एका ठिपक्याला तास जातो.

प्रयोगशाळेत असतो त्या बंद खोक्याच्या ट्रेनरशी तुलना करायची तर खोका दिसायला भारी, पण आत काय आहे ते दिसत नाही आणि मॉडेल पॅनलवरच छापलेलं असतं. आयआयटी मुंबईने बनवलेली सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम याच जातीची. तिच्यात हीटरबरोबर पंखाही आहे, म्हणजे डिस्टर्बन्स मोजून देता येतो. ती दूरून इंटरनेटवरून चालवायची कल्पना छान, पण रेंज जाते-येते तिथे लूपच्या मध्येच जोडणी तुटली की प्रयोग पुन्हा पहिल्यापासून. गणिताच्या बाजूला सायलॅब फुकट आहे आणि स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे मराठी पाठही आहेत. मॅटलॅबवाचून अडत नाही.

विभागासाठी खरेदी असेल तर एक टीसीलॅब आणि तीन विद्यार्थ्यांमागे एक घरगुती पत्रा, असं प्रमाण ठेवा. विकतच्या बोर्डाचे आकडे फळ्यावर लिहून ठेवायचे, पत्र्याचे प्रत्येकाने स्वतः काढायचे. सुटे एलएम३५ आणि यूएसबी तारा सत्राच्या सुरुवातीलाच जास्तीच्या आणून ठेवा. एक सेन्सर जळला म्हणून नागपूरला फेरी मारायची तर त्या आठवड्याचं प्रॅक्टिकल गेलंच.